संस्कृतच्या वर्गाची फी आणि कापडाची पेढी

सप्टेंबर २०२३ मधील एका रविवारी सकाळी, म्हणजे तिकडच्या शनिवारी रात्री, न्यू जर्सीहून आमच्या वर्गातील एका मुलाच्या आईचा फोन आला. तिने जरा अवघडतच विचारले, "काकू, मी तुमची फी भरली ना, त्या तारखेला माझ्या क्रेडिट कार्डावर कुठल्यातरी कापडवाल्याचं नाव दिसतंय. रक्कम बरोबर दोनशे चाळीस डॉलर आहे. हे तुमचंच का?" पाठोपाठ तिने स्टेटमेंटचा फोटो पाठवला. त्या ओळीत आमच्या वर्गाचे नाव नव्हते, माझेही नव्हते. कोणत्यातरी 'टेक्स्टाइल्स'चे नाव होते आणि तिच्या नकळत तिने माझ्याकडून सुताचे तागे विकत घेतल्याची ती नोंद होती. "विचारून सांगते," असे म्हणून मी फोन ठेवला. ज्याला विचारायचे त्याने माझा फोन उचलला नाही, आणि त्यानंतर पुन्हा कधीच उचलला नाही.

मी साताऱ्यात राहते. शाळेतून निवृत्त झाल्यावर २०२१ पासून मी परदेशातील मराठी कुटुंबांतील मुलांना ऑनलाइन संस्कृत शिकवते. पहिली दोन वर्षे फीचा व्यवहार अगदी घरगुती होता. मुलांचे आजी-आजोबा कोल्हापूर, पुणे, नाशिक असे कुठेतरी असत आणि तेच इथून माझ्या खात्यात पैसे भरत. मुले वाढली तसे हे जमेना. ज्यांचे इथे कोणी नाही त्यांच्याकडे क्रेडिट कार्डाखेरीज सोयीचा मार्ग नव्हता, कारण अमेरिकेतील बँक खात्यातून यूपीआयने फी भरता येत नाही आणि प्रत्येक वेळी बँकेमार्फत पैसे पाठवायचे तर दोन्हीकडच्या बँकांचे शुल्क फीच्या मानाने फार पडते. त्यामुळे आमच्या संकेतस्थळावर कार्डाने फी घेण्याची सोय करायची असे ठरले. संकेतस्थळ भाच्याने बनवून दिले होते. पेमेंटची बाजू मात्र मीच पाहीन, असे मी त्याला अभिमानाने सांगितले होते.

मार्च २०२३ मध्ये मी अशी सोय पुरवणाऱ्या दोन नावाजलेल्या कंपन्यांकडे अर्ज केला. दोन्हीकडून उत्तर आले की सध्या नवीन व्यापारी घेतले जात नाहीत. त्यामागचे कारण खरे होते. डिसेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने या क्षेत्रातील काही मोठ्या कंपन्यांना परवान्याची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत नवे व्यापारी जोडण्यास मनाई केली होती आणि ती काहींच्या बाबतीत थेट डिसेंबर २०२३ पर्यंत टिकली. दार बंद असले की खिडकी दाखवणारा माणूस बरोबर त्याच वेळी भेटतो. पुण्यात लहान व्यावसायिकांच्या एका मेळाव्यात मला असे एक गृहस्थ भेटले. स्वच्छ मराठी बोलणारे, चाळिशीचे, व्हिजिटिंग कार्डावर 'चॅनेल पार्टनर' असा हुद्दा. कार्यालय पुण्यातच, बाणेरला असल्याचे त्यांनी सांगितले. पुढच्याच आठवड्यात ते साताऱ्याला घरी आले, चहा घेतला, भिंतीवरील माझ्या निरोप समारंभाचा फोटो पाहून "मॅडम, माझी आईही शिक्षिका होती" असे म्हणाले. शिक्षिकेला फसवायला एवढे वाक्य पुरते, हे मी आज हसत लिहू शकते.

त्यांचा देकार असा होता: तीन दिवसांत सुविधा सुरू, परदेशी क्रेडिट कार्डे चालतील, दर १.७५ टक्के, सुरुवातीचे शुल्क दहा हजार रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ११,८०० रुपये. माझ्याजवळ इतरांचे दर वहीत लिहिलेले होते. परदेशी कार्डासाठी बहुतेकांनी तीन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी सांगितला होता, म्हणजे शंभर रुपयांमागे तीन रुपये चोपन्न पैसे. मी लगेच हिशेब मांडला की सहा लाखांच्या फीवर माझे दहा हजारांहून अधिक वाचतात. जो हिशेब मांडायला हवा होता तो मांडलाच नाही. क्रेडिट कार्डाच्या प्रत्येक व्यवहारात कार्ड देणाऱ्या बँकेचा वाटा असतो, कार्डाच्या जाळ्याचा (व्हिसा, मास्टरकार्ड वगैरेंचा) असतो, व्यापाऱ्यासाठी पैसे गोळा करणाऱ्या बँकेचा असतो आणि त्यानंतर मधल्या कंपनीचा असतो. परदेशी कार्डावर यातील पहिले वाटेच इतके होतात की १.७५ टक्क्यांत ते भागत नाहीत. जो माणूस त्याला स्वतःला पडणाऱ्या भावापेक्षा स्वस्त विकतो, त्याचा नफा दुसरीकडून येत असतो. बाजारात भाजी घेताना हे मला कळते. संगणकावर कळले नाही.

तरीही मी अगदीच डोळे मिटून सही केली असे नाही. "तुमच्या कंपनीला रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे का?" असे मी त्यांना विचारले होते. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, आम्ही पेमेंट गेटवे आहोत. गेटवेला परवाना लागत नाही. तुम्ही रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक वाचा." मी खरोखर वाचले. १७ मार्च २०२० च्या त्या मार्गदर्शक सूचनांत पेमेंट गेटवे आणि पेमेंट ॲग्रिगेटर असा भेद केलेला आहे. गेटवे केवळ तांत्रिक वाट पुरवतो, ग्राहकाच्या पैशाला हात लावत नाही, म्हणून त्याला परवाना सक्तीचा नाही. ॲग्रिगेटर मात्र ग्राहकाचे पैसे स्वतःकडे घेतो आणि नंतर व्यापाऱ्याला देतो. म्हणून बिगरबँक ॲग्रिगेटरला २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याखाली अधिकृत मान्यता घ्यावी लागते, अर्जाच्या वेळी त्याची नक्त मालमत्ता किमान १५ कोटी रुपये असावी लागते, पुढे ती २५ कोटींवर न्यावी लागते, आणि व्यापाऱ्यांचे पैसे स्वतःच्या धंद्यात न मिसळता शेड्यूल्ड बँकेतील एस्क्रो खात्यात, म्हणजे फक्त त्याच कामासाठी राखलेल्या वेगळ्या खात्यात, ठेवावे लागतात. परिपत्रकात शोधले तर त्यांचे वाक्य शब्दशः खरे निघाले आणि माझे समाधान झाले. विचारायचे राहिले ते इतकेच, की तुम्ही जर फक्त वाट पुरवता, तर माझे पैसे तुमच्या हातून का येणार आहेत? खोटे बोलणारा माणूस मी बहुधा ओळखला असता. या माणसाने खरे वाक्य चुकीच्या जागी ठेवले होते.

त्यांनी आणखी एक प्रमाणपत्र दाखवले, पीसीआय डीएसएसचे. ते अस्सल असेलही. पण ते कार्डाची माहिती सुरक्षित हाताळली जाते की नाही एवढ्यापुरते असते. दुसऱ्याचा पैसा सांभाळण्याच्या अधिकाराशी त्याचा संबंध नाही. सोनेरी कडा असलेला कागद पाहिला की आपल्या पिढीचा माणूस तो खालपर्यंत वाचत नाही, हे अशा लोकांना पाठ असते.

११,८०० रुपयांची पावती माझ्याकडे आहे. तिच्यावर छापलेला जीएसटी क्रमांक ०७ ने सुरू होतो. या पंधरा अक्षरी क्रमांकातील पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, दिल्लीचे ०७. बाणेरच्या कार्यालयाच्या पावतीवर दिल्लीचा क्रमांक कसा, हा प्रश्न कोणालाही पडावा. जीएसटीच्या पोर्टलवर हा क्रमांक टाकून नोंदणी कोणाच्या नावाची आहे हे फुकट पाहता येते आणि त्याला अर्धा मिनिटही लागत नाही. मी ते पाहिले सात महिन्यांनी. नोंदणी कापडाच्या एका पेढीची होती.

मे ते ऑगस्ट सर्व सुरळीत चालले. महिन्याला पाच-सात व्यवहार होत आणि दोन-तीन दिवसांत पैसे खात्यात जमा होत. इतके वेळेवर, की मी आणखी दोन शिक्षिकांना या गृहस्थांचा क्रमांक दिला. त्यातील एकीने सुदैवाने आळस केला. आमच्याकडे शंका आली ती यजमानांना. त्यांची नोकरी जिल्हा मध्यवर्ती बँकेत झाली आणि पासबुक छापून आणून पेन्सिलीने टिकमार्क करण्याची सवय अजून सुटलेली नाही. जुलैमध्ये एकदा त्यांनी पासबुक माझ्यापुढे धरून विचारले, "हे पैसे पाठवणारा दर वेळी वेगळा का? एकदा टेक्स्टाइल्स, एकदा ट्रेडर्स, आणि हे तर कोणा माणसाचं नाव आहे." मी त्यांना सांगितले की हल्लीच्या पद्धती वेगळ्या असतात, तुमच्या काळच्या क्लिअरिंगसारखे आता राहिलेले नाही. त्यांनी काही न बोलता त्या तीन ओळींखाली पेन्सिलीने रेघ ओढली. पुढे तेच पासबुक तक्रारीला जोडले, रेघांसकट.

अमेरिकेतील बहुतेक शाळा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात, म्हणून आमच्या वार्षिक वर्गाची फीही तेव्हाच जमा होते. त्या वर्षी ३१ मुलांची प्रत्येकी २४० डॉलर फी कार्डाने आली. एकूण ७,४४० डॉलर, तेव्हाच्या ८३ रुपयांच्या भावाने ६,१७,५२० रुपये. त्यातील पहिल्या सात मुलांचे पैसे जमा झाले आणि मग थांबले. आठव्या दिवशी ईमेल आला की आपल्या खात्यात अचानक मोठी उलाढाल दिसल्यामुळे 'रिस्क रिव्ह्यू' चालू आहे आणि करारातील कलम १४ नुसार रक्कम १८० दिवसांपर्यंत राखून ठेवता येईल. मी करार काढला. कलम १४ होते. 'कंपनीच्या मते आवश्यक वाटल्यास' इतक्याच अटीवर, कारण न देता, पूर्ण रक्कम रोखण्याचा अधिकार मी सही करून दिलेला होता. चांगल्या कंपन्याही वाद येण्याच्या भीतीने काही टक्के रक्कम काही महिने राखून ठेवतात, ही या धंद्यातील रीत आहे. पण तिथे किती टक्के आणि किती दिवस हे आकड्यांत लिहिलेले असते. माझ्या करारात टक्का नव्हताच.

न्यू जर्सीचा फोन त्याच आठवड्यातला. ती निदान मला विचारती झाली. इतर कितीतरी पालकांनी अनोळखी नाव पाहून थेट आपल्या बँकेकडे 'हा व्यवहार माझा नाही' असे कळवले, आणि त्यांचे काहीच चुकले नाही. याला चार्जबॅक म्हणतात. ग्राहकाने हरकत घेतली की त्याची बँक पैसे परत ओढते आणि व्यापाऱ्याने ठरलेल्या मुदतीत पुरावा द्यायचा असतो. अशी हरकत घ्यायला ग्राहकाला बहुधा १२० दिवस मिळतात. भारतीय कार्डावर आपल्याकडे ओटीपी लागतो, परदेशी कार्डावर बहुतेक वेळा लागत नाही, त्यामुळे अशा वादात व्यापाऱ्याची बाजू आधीच लंगडी असते. माझ्याकडे पुरावा भरपूर होता: हजेरी, वर्गाची ध्वनिचित्रमुद्रणे, पालकांचे ईमेल, मुलांच्या वह्यांची छायाचित्रे. पण तो द्यायचा कोणाला? बँकेच्या नोंदीत विक्रेता मी नव्हतेच, ती कापडाची पेढी होती. त्या पेढीला कार्डे स्वीकारण्याची जी सोय मिळाली होती, तिच्यामागे या लोकांनी माझ्यासारखे कितीतरी लहान व्यावसायिक उभे केले होते. कोणाची शिकवणी, कोणाचा आहारसल्ला, आणि बँकेला दिसते ती सगळी कापडाची विक्री. याला ट्रान्झॅक्शन लॉन्डरिंग असे नाव आहे आणि कार्डांच्या जाळ्यांच्या नियमांत ते सरळसरळ निषिद्ध आहे, हे मला नंतर कळले. तीन दिवसांत सुविधा कशी सुरू झाली याचा उलगडाही तेव्हाच झाला. माझी कागदपत्रे कोणत्याही बँकेपर्यंत गेलीच नव्हती.

अडकलेल्या चोवीस जणांपैकी नऊ पालकांना त्यांच्या बँकांनी पैसे परत दिले. त्यातील आठ जणांनी मला पुन्हा बँकेमार्फत फी पाठवली, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. उरलेल्या पंधरा मुलांचे ३,६०० डॉलर, म्हणजे २,९८,८०० रुपये, गेले ते गेले. वर्ग मात्र वर्षभर चालवावे लागले, कारण मुलांच्या आईवडिलांनी फी भरलेली होती.

पैसे बुडणे एवढ्यावर प्रकरण संपते असे मला वाटले होते. विवरणपत्राच्या वेळी सीएंनी विचारले, "परदेशातून पैसे आल्याचा बँकेचा दाखला कुठे आहे?" दाखला असणार कुठून? माझ्या खात्यात परकीय चलन आलेच नव्हते, आले होते ते दिल्लीच्या कापड पेढीने पाठवलेले रुपये. कागदावर पाहिले तर एका निवृत्त शिक्षिकेला एक अनोळखी पेढी महिनोन्महिने पैसे का देत होती, याचे उत्तर मलाच द्यायचे होते. जानेवारी २०२४ मध्ये तर एटीएममधून पैसे निघेनात. शाखेत गेल्यावर कळले की पैसे पाठवणाऱ्यांपैकी एका खात्याविरुद्ध परराज्यात सायबर तक्रार झाली आहे आणि त्या खात्यातून माझ्याकडे आलेले ३८,००० रुपये पोलिसांच्या सूचनेवरून रोखून ठेवले आहेत. म्हणजे ज्या पैशांसाठी मी फसवले गेले, त्यातले जे हाती लागले होते त्यांच्याबद्दल मीच संशयित. ती रक्कम मोकळी व्हायला पाच महिने, सात पत्रे आणि वर्गाच्या हजेरीपटाच्या प्रती लागल्या.

तक्रारीबाबत माझा अनुभव असा की दिवस घालवू नयेत. १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर जितक्या लवकर नोंद होईल तितकी पुढच्या खात्यांतील रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते. मी '१८० दिवसांनी देतील' या आशेवर साडेतीन महिने थांबले आणि तोवर ती खाती रिकामी झाली होती. पोलीस ठाण्यात आधी "हा दोघांमधील व्यवहाराचा वाद आहे, दिवाणी न्यायालयात जा" असे सांगितले गेले. नुसते 'पैसे दिले नाहीत' असे लिहिले तर तसेच ऐकावे लागते. दुसऱ्या अर्जात मी पावतीवरील दुसऱ्याच पेढीचा जीएसटी क्रमांक, पालकाच्या स्टेटमेंटवरील नाव आणि पासबुकातील तीन वेगवेगळी नावे एकाखाली एक मांडली, तेव्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० खाली अर्ज विचारात घेतला गेला. करारात वाद दिल्लीच्या न्यायालयातच चालेल अशी अट आहे. तीन लाखांसाठी दिल्लीच्या फेऱ्या करायच्या का, यावर आमच्या घरी अजून एकमत नाही.

आता मी ज्या कंपनीमार्फत फी घेते तिचे नाव रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील मान्यताप्राप्त ॲग्रिगेटरांच्या यादीत मी स्वतः पाहिले. ती यादी नीट वाचावी, कारण तिथे मान्यता मिळालेले, तत्त्वतः मान्यता मिळालेले आणि अर्ज परत केलेले वा मागे घेतलेले अशी नावे वेगवेगळी दिलेली असतात, आणि 'आमचे नाव रिझर्व्ह बँकेच्या साइटवर आहे' हे वाक्य तिसऱ्या गटातील कंपनीसुद्धा खरेपणाने म्हणू शकते. ज्यांचे ग्राहक परदेशात आहेत त्यांनी परदेशी व्यवहारांची मान्यता आहे का हेही विचारावे. ३१ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकापासून त्यासाठी स्वतंत्र वर्ग केलेला आहे. माझा अर्ज मंजूर व्हायला १९ दिवस लागले. त्यांनी संकेतस्थळावर फी परत करण्याचे नियम, पत्ता आणि दूरध्वनी टाकायला लावला, दोनदा कागद परत पाठवले, पॅनवरील आडनावातील एका अक्षरावरून अडून बसले. पूर्वी मला याचा राग आला असता. दर तीन टक्के अधिक जीएसटी आहे आणि परकीय चलनाचा दाखला दर महिन्याला आपोआप येतो.

सुविधा सुरू झाल्याच्या दिवशी पालकांना काही कळवण्याआधी मी डॅलसमधील माझ्या मावसबहिणीला पाच डॉलर भरायला सांगितले. तिच्या स्टेटमेंटवर काय नाव उमटते त्याचा फोटो मागवला. आमच्या वर्गाचे नाव होते, शेवटची दोन अक्षरे जागेअभावी तुटलेली. तिसऱ्या दिवशी यजमान पासबुक छापून घेऊन आले. पैसे पाठवणाऱ्याच्या जागी त्या कंपनीचेच नाव होते, एस्क्रो असा उल्लेख होता, आणि त्यांनी त्यापुढे पेन्सिलीने टिकमार्क केला.